वहिनी आणि यादी वाचणारी बया

चाकाच्या खुर्च्या आणि दवाखान्यातल्या खाटा दुरुस्त करायच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. वेल्डर म्हणे, गादीवाला म्हणे, माल आणून टाकणारे ड्रायव्हरसुद्धा म्हणत. खरं तर त्या एकट्या धाकट्या दिराच्या वहिनी. पण नवरा गेल्यावर कारखान्याचा अर्धा हिस्सा, मोटरीच्या कामाचं टेबल आणि वहिनी ही पदवी त्यांच्याकडे राहिली, आणि या तिन्ही गोष्टी त्यांनी घट्ट धरून ठेवल्या.

वहिनींच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकलं असं सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. हातात कसब होतं, यात वाद नाही. बंद पडलेल्या खुर्चीची मोटर दोन बोटांनी फिरवून, नुसत्या आवाजावरून त्या सांगत, बेअरिंग गेलंय का कार्बन झिजलाय. पण ते सांगताना समोरच्याकडे असं बघत, की मोटर त्यानेच रात्रंदिवस खपून बिघडवली असावी. वेल्डरला म्हणत, "तुला चटका बसल्याशिवाय लोखंड तापलंय हे कळत नाही." गादीवाला जरा सावकाश काम करणारा. त्याला म्हणत, "तुमची शिलाई पुरी होईपर्यंत पेशंट बरा होऊन चालत घरी जाईल." डॉक्टर माप न घेता खुर्च्या लिहून देतात, कंपन्या खेळण्यातली चाकं लावतात, आणि गिऱ्हाइकं खुर्च्या चिखलासकट आणून उभ्या करतात, ही त्यांची रोजची पोथी. कुणी मनावर घेत नसे. एक तर त्या बहुतेक वेळा बरोबर असत, आणि दुसरं म्हणजे आपली पाळी झाली की पुढच्याची ऐकायला मजा येई.

पण अस्सल, मुरलेली तुच्छता त्यांनी राखून ठेवली होती ती दिरासाठी. त्यांना त्या भावोजी म्हणत. शब्द आदराचाच, पण त्या तो उच्चारत तेव्हा ऐकणाऱ्याला आपली कीव करावी की भावोजींची, हे कळत नसे.

भावोजींचं कसं होतं, की त्यांना दर सहा महिन्यांनी कारखाना सुधारायची लहर येई. हातात पाना धरलेलं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सुधारायला वेळ भरपूर. एकदा त्यांनी प्रत्येक कामाला वेगळ्या रंगाचे डगले शिवून घेतले. महिन्याभरात सगळे डगले ग्रीसच्या एकाच रंगाचे झाले. एकदा सूचनांची पेटी लावली. तीन महिन्यांनी उघडायला गेले तर किल्ली सापडेना. कुलूप तोडलं तेव्हा आत एकच चिठ्ठी निघाली, ‘पेटी कधी उघडणार?’ अक्षर वहिनींचं होतं, पण ते ओळखायचं धाडस कुणी केलं नाही. एकदा लेबलं छापायचं यंत्र आलं, आणि भावोजींनी सगळ्यात आधी त्या यंत्रावरच लेबल लावलं, ‘लेबल यंत्र’. वहिनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

मग यादीचं ॲप आलं. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकच यादी. कोणतं काम, कुणाकडे, केव्हापर्यंत. काम झालं की बोट टेकवून बरोबरची खूण करायची, म्हणजे ते यादीतून खाली जाई. इथवर वहिनींनी फक्त नाक मुरडलं होतं. पण त्यानंतर भावोजींनी टेबलावर एक गोल डबी आणून ठेवली, आणि म्हणाले, "वहिनी, आता यादी आपण वाचायची नाही. हिला विचारायचं. ही यादीतून कामं काढून सांगते."

"का? तुमचे डोळे गेले का भावोजी?"

"तसं नाही. ही ए.आय. असिस्टंट आहे. मी तिला यादी जोडून दिलीय. फक्त वाचायची परवानगी आहे हां, बदलायची नाही." हे शेवटचं त्यांनी अशा थाटात सांगितलं, की तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत.

डबीतून बाईचा आवाज आला. गोड, थंड, कुठेही न अडखळणारा. "नमस्कार. आज एकूण सव्वीस कामं बाकी आहेत."

"झालं," वहिनी म्हणाल्या, "होते तेवढे बिनकामाचे कमी पडत होते." त्या दिवसापासून डबीचं नाव बया पडलं.

रोज सकाळी नऊला मीटिंग सुरू झाली. भावोजी विचारत, बया बाकीची कामं वाचे, आणि प्रत्येक कामापाशी भावोजी बोट वर करून थांबत. "हे का बाकी आहे? अडथळा काय? मी काय मदत करू?" गादीवाला सांगे की रेक्झिन आलेलं नाही. भावोजी ते लिहून घेत. वेल्डर सांगे की गॅस संपलाय. भावोजी तेही लिहून घेत. सव्वीस कामांचे सव्वीस अडथळे लिहून होईपर्यंत दहा वाजत, आणि तोवर कारखान्यात एक स्क्रू फिरलेला नसे. पाचव्या दिवशी वहिनींचा पारा चढला. मीटिंग संपल्यावर त्यांनी वेल्डरला आणि गादीवाल्याला मोटरीच्या टेबलापाशी बोलावलं.

"हे बघा, उद्या नऊच्या आत सगळ्यांनी आपापल्या कामांवर खूण मारून टाकायची. झाली म्हणून."

"पण झालेली नाहीत ना वहिनी," गादीवाला म्हणाला.

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. बयेला माहीत आहे का? तिला दिसतं का काही? मीटिंग आटोपली की पुन्हा उघडायची आणि कामाला लागायचं. एवढी अक्कल तरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी नऊला भावोजींनी विचारलं, आणि बया म्हणाली, "एकही काम बाकी नाही." भावोजींनी दोनदा विचारलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की वेल्डरला खाली बघावं लागलं. चार मिनिटांत मीटिंग संपली. साडेनऊला सगळ्यांनी खुणा काढून कामं परत उघडली.

हे रोजचंच होऊन बसलं. आठ पंचावन्नला खुणा, नऊला भावोजींचा आनंद, साडेनऊला खुणा गायब. भावोजींनी भिंतीवर तक्ता लावला आणि रोज एक हिरवा चौकोन रंगवू लागले. बाहेरच्या लोकांना आत आणून तो तक्ता दाखवू लागले. वहिनी टेबलावरून मान वर न करता म्हणत, "रंगवा भावोजी, रेषेच्या बाहेर जाऊ देऊ नका." सगळ्या कारखान्याला कळलं होतं, फक्त भावोजींना नव्हतं, आणि वहिनींच्या आयुष्यात इतके सुखाचे दिवस फार वर्षांनी आले होते. मूर्ख माणसाला मूर्ख बनवण्यात काय मोठेपण, असं एखाद्याला वाटलं असतं. वहिनींना वाटलं नाही.

याच दिवसांत गणिताच्या बाईंची खुर्ची आली. या बाई एका शाळेत गणित शिकवत. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या आजारानंतर पाय गेले होते, उजवा हात अधू झाला होता, आणि सगळी भिस्त डाव्या हातावर होती. म्हणून त्यांची बॅटरीची खुर्ची मापाने बनवलेली, चालवायची दांडी डाव्या हाताशी. तिच्या एका मोटरचं बेअरिंग गेलं होतं. खुर्ची व्हॅनमधून आली, आणि बाई घरी अडकून पडल्या. त्यांनी फोनवर वहिनींना सगळं नीट सांगितलं.

"गुरुवारी साडेदहाला माझी मुलाखत आहे. दुसऱ्या शाळेत, मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. मागच्या वेळी त्यांनी मला न बघताच नाही म्हटलं होतं. या वेळी मला त्या खोलीत माझी मी जायचंय, आणि माझी मी बाहेर यायचंय. तुमची दुसरी एखादी खुर्ची मला चालणार नाही, दांडी उजवीकडे असते."

"गुरुवारी सकाळी आठला खुर्ची तुमच्या दारात," वहिनी म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणजे सांगितलं."

असं वहिनी सहसा कुणाला सांगत नसत. पण या बाई रडत नव्हत्या, आभार मानत नव्हत्या, आणि बिघाड काय आहे ते अचूक सांगत होत्या. वहिनींच्या लेखी अशी माणसं फार थोडी. काम त्यांनी स्वतःच्याच नावावर घेतलं.

बेअरिंग मागवावं लागलं. ते येईपर्यंत बाईंच्या खुर्चीचं काम इतर कामांसारखंच रोज सकाळी पूर्ण होत होतं आणि साडेनऊला अपूर्ण होत होतं. मंगळवारी दुपारी बेअरिंग आलं. तीन तासांचं काम होतं. वहिनींनी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी पहिलं हेच."

बुधवारी सकाळी आठ पंचावन्नला त्यांनी खूण केली. नऊला बयेने एकही काम बाकी नाही म्हणून सांगितलं. भावोजी हिरवा चौकोन रंगवून बँकेत निघून गेले. आणि त्या दिवशी वहिनींना चेव आला.

"काय गं बये," त्या डबीपुढे हात बांधून उभ्या राहिल्या, "वेल्डरच्या डोक्यात अक्कल घालायचं काम यादीत आहे का?"

"यादीत असं काम सापडलं नाही," बया म्हणाली.

"कसं सापडेल? ते होण्यासारखं असतं तर कुणी लिहिलं असतं ना." गादीवाला हसून हसून लाल झाला. वेल्डरही हसला, कारण पुढची पाळी गादीवाल्याची होती. "आणि यांची शिलाई? ती कोणत्या सालच्या यादीत आहे, शोध बरं." बया मनापासून शोधत होती, दर वेळी न चिडता सांगत होती की सापडलं नाही, आणि दर उत्तराला कारखाना हसत होता. शेवटी वहिनींनी विचारलं, "आणि भावोजींच्या नावावर काय आहे?" बया म्हणाली, "त्यांच्या नावावर आजपर्यंत एकही काम नोंदवलेलं नाही." त्यावर जो हशा पिकला, तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.

हशा ओसरतोय तोच दवाखान्याची गाडी आली. बारा खाटा, सगळ्यांची चाकं जाम, संध्याकाळपर्यंत परत हव्यात. वहिनी ओरडत, दामटत, दुसऱ्यांच्या हातातले पाने हिसकावत सगळ्यांना घेऊन खाटांना भिडल्या. बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपापल्या खुणा काढल्या. वहिनी त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

सहाला बारावी खाट गाडीत चढली. पूर्वी अशा वेळी वहिनी निघण्याआधी सगळ्या कारखान्यात एक फेरी मारत. प्रत्येक खुर्चीला हात लावत, प्रत्येक झाकण उचलून बघत. नवऱ्याच्या वेळेपासूनची सवय. ती सवय केव्हा सुटली, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. अलीकडे त्या निघताना पर्स खांद्याला लावत आणि डबीकडे बघून तोंड वाकडं करत विचारत. त्या दिवशीही विचारलं, "काय गं बये, माझं काही राहिलंय का?"

"तुमच्या नावावर एकही काम बाकी नाही."

"चला, तेवढं तरी कळतं हिला," वहिनी म्हणाल्या आणि घरी गेल्या.

गुरुवारी त्या आल्या तेव्हा सव्वाआठ झाले होते, आणि त्यांचा फोन वाजत होता. गणिताच्या बाई होत्या. "खुर्ची निघाली का?"

"निघाली म्हणजे काय, कधीच निघाली असेल," वहिनी म्हणाल्या आणि बोलता बोलता आत वळल्या. कोपऱ्यात बाईंची खुर्ची होती. वर झाकण होतं. वहिनींनी झाकण उचललं. एक चाक काढलेलं, मोटर बाहेर, तारा सुट्या. फोनमधून बाई विचारत होत्या, "हॅलो? हॅलो?" वहिनी म्हणाल्या, "मी पाच मिनिटांत फोन करते." त्यांचा आवाज गादीवाल्याला ओळखू आला नाही.

तीन तासांचं काम होतं, आणि वेळ उरला होता दोन तासांचा, त्यात जायला पाऊण तास. वेल्डर म्हणाला, दुसऱ्या बॅटरीच्या खुर्चीची दांडी डावीकडे घेऊ. सगळ्या तारा नव्याने ओढायच्या, म्हणजे तेही दोन तासांचं काम. इतक्यात भावोजी आले, रंगपेटी घेऊन. त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. "कसं शक्य आहे? कालच तर एकही काम बाकी नव्हतं." आणि त्यांनी, बिचाऱ्यांनी, डबीलाच विचारलं, "गणिताच्या बाईंच्या खुर्चीचं काम पूर्ण झालं होतं का?"

"हो," बया म्हणाली. "हे काम नऊ वेळा पूर्ण झालं आहे. आठ वेळा पुन्हा उघडण्यात आलं. शेवटचं पूर्ण झालं काल सकाळी आठ वाजून पंचावन्न मिनिटांनी."

कुणी हसलं नाही. भावोजींनी वहिनींकडे बघितलं, मग वेल्डरकडे, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. हिरवे चौकोन त्यांनी एकेक करून बघितले. वहिनींना वाटलं, आता हा माणूस बोलेल, आणि त्याने एकदाचं बोलून टाकावं. ते बोलले असते तर वहिनींना उत्तर देता आलं असतं. पण भावोजी एवढंच म्हणाले, "वहिनी, आधी त्यांना पोचवा."

कारखान्यात हाताने ढकलायची एक खुर्ची होती, दवाखान्यात पेशंटला या खोलीतून त्या खोलीत नेतात तसली. चारही चाकं लहान. बसणाऱ्याने काही करायचं नाही, मागच्याने ढकलायचं. ती व्हॅनमध्ये टाकून वहिनी बाईंच्या घरी गेल्या. बाई इस्त्रीचे कपडे घालून, मांडीवर फाइल घेऊन, दाराशी साध्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी व्हॅनमधून काय उतरलं ते बघितलं.

वाटेत बाईंनी विचारलं, "काय झालं होतं?"

"ते मशीन आलंय ना आमच्याकडे, यादी वाचणारं," वहिनींनी सुरुवात केली. "त्याने सांगितलं की काही बाकी नाही."

"यादीत बाकी नव्हतं, म्हणजे कुणीतरी पूर्ण झालं म्हणून नोंदवलं असणार. कुणी?"

वहिनी म्हणाल्या, "मी." आणि विचारलेलं नसताना पुढे म्हणाल्या, "नऊ वेळा."

बाईंनी मान हलवली. मागच्या पानावरून उत्तर उतरवलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी वहिनींकडे एकदा बघितलं, आणि फाइल उघडून वाचत बसल्या. गेल्या तीस वर्षांत वहिनींनी असं कितीकांकडे बघितलं होतं. आपल्याकडे कुणी तसं बघितलं की कुठे लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी रखवालदाराने बाईंच्या डोक्यावरून वहिनींना विचारलं, "यांना कुठे न्यायचंय?"

"मी मुलाखतीसाठी आले आहे," बाई म्हणाल्या. रखवालदाराने त्यांचं ऐकलं आणि पुन्हा वहिनींनाच विचारलं, "यांचं पत्र आहे का?"

ऑफिसमधल्या कारकून बाई उठून आल्या. आवाज मऊ करून त्यांनी वहिनींना विचारलं, "यांना पाणी वगैरे लागेल का हो?"

वहिनींचा जुना पारा उसळला. "मला काय विचारता? त्यांना तोंड नाही का?"

"तुम्ही बोलू नका," बाई हळू आवाजात, मागे न बघता म्हणाल्या. मागे बघायला त्यांना वळता येत नव्हतं. "तुम्ही बोललात की ते आणखी तुमच्याशीच बोलतात."

साडेदहाला आतून हाक आली. लांब टेबलापलीकडे पाच जण बसले होते. मधले गृहस्थ अर्धवट उठले, सौजन्याने हसले, आणि वहिनींना म्हणाले, "या, या. यांना इथे टेबलापाशी ठेवा, आणि तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल. काही लागलं तर बोलावू आम्ही."

एखाद्या वस्तूबद्दल बोलावं तसं ते ‘ठेवा’ म्हणाले होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी वहिनींनी त्या गृहस्थांची सात पिढ्यांची अक्कल काढली असती. शब्द तोंडाशी आलेही. बाई समोर बघत होत्या, पाठ ताठ, डाव्या हातात फाइल, घरून ठरवून आणलेलं हसू चेहऱ्यावर. वहिनींनी त्यांना टेबलापाशी ठेवलं, चाकांना ब्रेक लावला, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.